दुपारी बाराला इन्व्हर्टर ट्रिप का मारतो, आणि सेटिंगने ते किती सुटतं

गुहागरजवळच्या एका वाडीतून प्रश्न आला आहे. घर आणि होमस्टे मिळून सिंगल फेज ५ किलोवॉटचं सोलर, डीपीपासून (गावाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) साधारण ४०० मीटरवर. मार्च-एप्रिलच्या उन्हात अकरा ते तीनच्या दरम्यान इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, मिनिटभराने लागतो, परत पडतो. त्याच फेजवर आणखी दोन घरांचं ३-३ किलोवॉट आहे. सोलर बसवणारा म्हणतो, ‘इन्व्हर्टर ज्यावर बंद पडतो ती वरची मर्यादा २७५ व्होल्ट करून देतो, प्रश्न मिटेल.’ शिवाय भावाच्या काजूच्या कारखान्यात थ्री फेज १५ किलोवॉट सोलर लागल्यापासून बिलावरचा पॉवर फॅक्टर (ग्रिडकडून घेतलेल्या विजेत खरं काम करणाऱ्या विजेचा वाटा) घसरलाय. हे दोन्ही इन्व्हर्टरच्या कंट्रोलने सुधारेल का?

भावाचं बरंचसं सुधारेल. तुमचं अर्धंमुर्धं. आणि ते २७५चं काम अजिबात करू देऊ नका, म्हणून आधी तेच सांगतो.

मर्यादा वर नेली की ट्रिप थांबतो, पण व्होल्टेज चढायचं थांबत नाही. मग २६८-२७० व्होल्ट तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजच्या बोर्डावर, एलईडीच्या ड्रायव्हरवर, पंपाच्या कपॅसिटरवर दुपारभर बसतं. एखादं यंत्र लगेच जळलं तर निदान कळतं तरी. बहुतेक वेळा ते वर्ष-दीड वर्षात मरतं आणि दोष कंपनीला जातो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या नियमांत सांगितलं आहे की व्होल्टेज ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेलं की २ सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने ग्रिड सोडायचं, आणि ग्रिड निदान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय परत लागायचं नाही. तुमचा इन्व्हर्टर मिनिटभराने परत लागतो तो यामुळेच. तो बिघडलेला नाही, नियम पाळतोय.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. लाइन मेली की इन्व्हर्टरने स्वतःहून बंद व्हायचं असतं. लाइन खरंच मेली हे तो ज्या खुणांवरून ओळखतो, त्यांत व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा मुख्य. त्या सैल केल्या की त्याला न दिसणारा आंधळा टापू वाढतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडाकडे वायरमन कित्येक दिवस चिखलात उभे राहून खांब आणि तारा ओढत होते. मेलेल्या समजून हातात घेतलेल्या तारेत कुणाच्या तरी छपरावरून वीज येणं मला विचारातही नको वाटतं.

आता मूळ दुखण्याकडे. आपल्याकडची डीपी ११,००० व्होल्टचे ४३३ करते. हा फेज-टू-फेज आकडा. फेज-न्यूट्रल काढलात तर २५० येतात. लोड नसताना डीपीच्या बुडाशीच २५० असतात, कारण लाइनीत पडणारी घट गृहीत धरून हा आकडा ठेवलेला आहे. वीज डीपीकडून घराकडे वाहणार, शेवटच्या खांबापर्यंत २३०-२३५ उरणार, असा तो जुना हिशेब. तुमच्या वाडीत एप्रिलच्या दुपारी उलटं चाललंय. माणसं बागेत आंबे उतरवायला गेलेली, घरात पंखा आणि फ्रिज तेवढा चालू, आणि तीन छपरांवरून वीज डीपीकडे निघालेली. वीज ज्या बाजूने निघते तिकडचं व्होल्टेज चढं असावं लागतं. म्हणजे २५०च्याही वर.

किती वर, तेही काढू. गावातल्या लाइनीला बहुधा ‘वीझल’ नावाची ॲल्युमिनियमची तार असते, किलोमीटरला साधारण ०.९३ ओहम. सिंगल फेजला करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परततो, म्हणून ४०० मीटरचे ८०० धरायचे: ०.७४ ओहम. ५ किलोवॉट म्हणजे २१ अँपिअर. गुणाकार साडेपंधरा व्होल्ट. २५०वर साडेपंधरा म्हणजे २६५ झाले, आणि यात शेजाऱ्यांचे ३-३ किलोवॉट धरलेलेच नाहीत. घरात थोडं लोड असतं म्हणून एखाद्या दिवशी तुम्ही काठावर सुटता, एवढंच.

(कोयनेचं पोफळीचं वीजघर शेजारच्या चिपळूण तालुक्यात, अंजनवेलचा वीजप्रकल्प तर तुमच्या तालुक्यातच, आणि वाडीच्या शेवटच्या खांबाला मात्र ५ किलोवॉट पेलवत नाहीत. याचं मला अजून हसू येतं. पण उच्चदाबाची लाइन आणि वाडीची लाइन हे दोन वेगळे संसार आहेत.)

तेव्हा पहिलं काम सेटिंगचं नाही, मोजायचं. स्वच्छ उन्हाचा दिवस बघा, साडेबाराच्या सुमाराला इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या एसी टर्मिनलवर व्होल्टेज घ्या आणि क्लॅम्प मीटरने करंट घ्या. लगेच घराच्या मीटरपाशी व्होल्टेज घ्या. मग इन्व्हर्टरचा एसी एमसीबी पाडा आणि दोन्हीकडे परत व्होल्टेज घ्या. ढग आला तर आकडे फसवतात, म्हणून तीनदा करा. समजा टर्मिनलवर चालू असताना २६२ आणि १८ अँपिअर, बंद केल्यावर २४७. फरक १५, भागिले १८, ०.८३ ओहम. हा तुमच्या टर्मिनलपासून डीपीपर्यंतचा सगळा अडथळा. आता हेच मीटरपाशी करा. तिथे फरक ९च निघाला, तर उरलेले ६ व्होल्ट तुमच्याच घरातल्या वायरिंगमध्ये चढताहेत, आणि त्याचं खापर लाइनीवर फोडता येणार नाही.

हे ६ व्होल्ट मी उगाच घेतले नाहीत. इन्व्हर्टर गच्चीवर, मीटर पडवीत, मधे ३० मीटर ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार: बरोबर ६ व्होल्टच्या आसपास बसतं. तिथे १० स्क्वेअर एमएम ओढली की सव्वादोनवर येतं. करंट सोसायला ४ची तार पुरते, म्हणून बसवणारा ती वापरतो. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही, त्याने करंट पाहिला, व्होल्टेज पाहिलं नाही.

मग जोड. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याबद्दल मी काय सांगावं. दोन वर्षांपूर्वी अशाच तक्रारीसाठी गेलो होतो, इन्व्हर्टरचं सेटिंग बदलून हवं होतं. मीटरपाशीच व्होल्टेज नाचत होतं. वायरमनला बोलावून खांबावरचा सर्व्हिस वायरचा जोड उघडायला लावला. तांब्याची तार ॲल्युमिनियमवर नुसती पिळून वर टेप. टेप सोलल्यावर आतून पांढरी भुकटी पडली, तांब्याकडच्या बाजूला हिरवी. न्यूट्रलचा तर सातातला एकच पदर धरून होता. तांबं आणि ॲल्युमिनियम जोडायचा बायमेटॅलिक कनेक्टर लावला, ग्रीस भरलं, आणि दुपारचं व्होल्टेज ८ व्होल्टने उतरलं. इन्व्हर्टरला हातही लावला नाही. न्यूट्रल असा अर्धवट असताना सेटिंगशी खेळणं धोक्याचं आहे, कारण तो पूर्ण तुटला तर थ्री फेजच्या घरात एका फेजला ३०० व्होल्टच्या वरही दिसू शकतात. खांबावर स्वतः चढू नका, बसवणाऱ्यालाही चढवू नका. तक्रार द्या आणि वायरमन येईल तेव्हा शेजारी उभे राहा.

यानंतर फेज. तुमच्या वाडीत तिन्ही सोलर एकाच फेजवर आहेत हे तुम्हीच लिहिलंय. एक घर दुसऱ्या फेजवर सरकवायला खांबावर अर्ध्या तासाचं काम आहे, वीज कंपनीकडे अर्ज करून तेवढं करून घ्या. आणि जमत असेल तर जोडणी थ्री फेज करून इन्व्हर्टरही थ्री फेजचा घ्या. तेच ५ किलोवॉट तीन फेजांत वाटले की प्रत्येकात ७ अँपिअर, आणि करंट समतोल असल्याने न्यूट्रलमधून काही परतत नाही. ७ गुणिले ०.३७ म्हणजे २.६ व्होल्ट. साडेपंधराचे २.६, सहावा हिस्सा! कुठल्याही सॉफ्टवेअरने एवढं मिळत नाही. खर्च आहे, मान्य. पण नवीन बसवणाऱ्याला मी आता सिंगल फेजचा सल्ला डीपी समोर असल्याशिवाय देत नाही.

फुकटातला उपाय म्हणजे होमस्टेचा पंप, वॉशिंग मशिन, पाहुण्यांच्या आंघोळीचा गिझर, जे जे सरकवता येतं ते बारा ते दोनमध्ये टाकायचं. २ किलोवॉटचा गिझर चालू झाला की तेवढी वीज लाइनीवर जातच नाही, आणि सहा व्होल्ट तिथल्या तिथे उतरतात.

आता कंट्रोल. इन्व्हर्टर ग्रिडमध्ये वीज कशी घालतो ते कळल्याशिवाय सेटिंगचा मेनू हा नुसता आकड्यांचा बाजार वाटतो. त्याच्या आत पीएलएल नावाचा भाग असतो, तो ग्रिडच्या व्होल्टेजची लाट ऐकत राहतो. भजनात टाळकरी मृदंगाचा ठेका ऐकून टाळ वाजवतो, तसंच. ठेक्यावर कान ठेवून करंटची लाट सोडायची: बरोबर लयीत सोडली तर सगळे वॉट जातात, थोडी मागेपुढे सोडली तर वॉटसोबत व्हारही (काम न करता तारेत नुसती ये-जा करणारी वीज) जातात किंवा येतात. पॉवर फॅक्टरचं सगळं सेटिंग म्हणजे टाळ किती मागेपुढे मारायचा एवढंच.

यातच कमजोर लाइनीचं दुखणं दडलंय. टाळकरी मंडपाच्या टोकाला उभा असेल तर त्याला मृदंग हळू आणि स्वतःचा टाळच मोठा ऐकू येतो. मग तो स्वतःच्याच लयीला धरून वाहवत जातो. तसा लांब लाइनीच्या टोकाचा इन्व्हर्टर जे व्होल्टेज ऐकतो त्यात त्याच्याच करंटने चढवलेला भाग बराच असतो. पीएलएल फार चपळ ठेवला तर तो स्वतःच्या सावलीमागे धावतो, दिवे फडफडतात. तीन इन्व्हर्टर जवळजवळ असले की त्यांच्या फिल्टरमधले कपॅसिटर आणि लाइनीचं इंडक्टन्स (तारेभोवतीच्या चुंबकी क्षेत्राने येणारा अडथळा) मिळून वेगळाच सूर धरतात, तो इन्व्हर्टरच्या आतून, करंट कंट्रोलमधूनच दाबावा लागतो. हे तुमच्या हातात नाही, कंपनीच्या फर्मवेअरमध्ये असतं. पण ‘वीक ग्रिड’ नावाचा पर्याय मेनूत किंवा सर्व्हिसवाल्याच्या लॉगिनमध्ये बऱ्याचदा असतो, तो चालू करून घ्या.

तुमच्या हातातल्या दोन गोष्टी: व्होल्टेज चढलं की व्हार शोषणं, आणि तरीही चढलं की वॉट कमी करणं. आयईईई या इंजिनियरांच्या संस्थेच्या १५४७ क्रमांकाच्या मानकाच्या २०१८च्या आवृत्तीत या दोन्हींच्या वक्रांचे, म्हणजे किती व्होल्टला किती व्हार शोषायचे आणि किती वॉट कमी करायचे याचे, ठरीव आकडे आहेत, आणि आता मिळणाऱ्या बहुतेक इन्व्हर्टरमध्ये दोन्ही सोयी असतात, फक्त बंद ठेवलेल्या.

व्हारचा उपयोग तुमच्याकडे किती, पाहू. व्हारचा परिणाम तारेच्या इंडक्टन्समधून होतो, वॉटचा रेझिस्टन्समधून, म्हणजे वर ओहममध्ये धरलेल्या तारेच्या साध्या अडथळ्यातून. वीझल तारेत रेझिस्टन्स हा इंडक्टन्सच्या अडथळ्याच्या पावणेतीनपट. त्यामुळे २.४ किलोव्हार शोषून घेतले तरी व्होल्टेज फक्त अडीच-पावणेतीन व्होल्टने उतरतं, आणि एक किलोवॉट कमी केला तर तीन व्होल्टने. परदेशी पुस्तकांत व्हारची एवढी वाहवा असते ती ११ केव्ही आणि वरच्या लाइनींसाठी खरी आहे. वाडीच्या खांबावर ती पातळ होते. तरी सोडून देऊ नये, कारण व्हार जवळजवळ फुकट मिळतात: ५ केव्हीएचा (वॉट आणि व्हार मिळून एवढंच पेलणारा) इन्व्हर्टर साडेचार किलोवॉटवर थांबवला तर त्याच्यात २.२ किलोव्हारची जागा होते. १० टक्के वॉट सोडले की ४४ टक्के व्हार, हा काटकोन त्रिकोणाचा हिशेब आहे (वॉट एक बाजू, व्हार दुसरी, केव्हीए कर्ण) आणि आयईईईचा ४४ टक्क्यांचा आकडाही याच्याशीच जुळतो. दोन्ही मिळून तुमचे चार व्होल्ट सुटतील. बाकीचे वॉट-कपातीला सोसू द्या.

मी अशा जागी व्हार २४६ व्होल्टपासून चालू करून २५४ला पूर्ण करतो आणि वॉट २५४पासून उतरवत २६२ला पाचव्या हिश्श्यावर आणतो. हे वरची मर्यादा २४०च्या ११० टक्के, म्हणजे २६४ मंजूर असेल तर. २३० धरून २५३ लिहिली असेल तर हे आकडे बसणारच नाहीत, मग आधी डीपीचंच व्होल्टेज उतरवून मागावं लागेल. त्यात अडचण अशी की छोट्या डीपीला टॅप (व्होल्टेज थोडं वरखाली करायची सोय) बहुधा नसतो. मंजुरीच्या कागदावर काय आहे ते पाहा आणि बदल लेखी कळवूनच करा. व्हारला पाचेक सेकंदांचा वेळ द्या, वॉटला दहा. दोन्ही एकाच वेगाने ठेवले किंवा फार झटपट ठेवले तर शेजारचा इन्व्हर्टर आणि तुमचा एकमेकांशी फुगडी घालतात. परत लागताना एकदम पूर्ण न लागता मिनिटाला १० टक्क्यांनी चढेल असंही ठेवा, नाहीतर तिघे एकदम पडतात, व्होल्टेज उतरतं, साठ सेकंदांनी तिघे एकदम उठतात.

ट्रिप मारून शून्यावर जाण्यापेक्षा ८० टक्क्यांवर चालत राहणं महिन्याच्या युनिटांत केव्हाही बरं. यात एक अन्याय आहे तो मात्र सेटिंगने जात नाही: शेवटच्या खांबावरच्याचं व्होल्टेज सगळ्यात जास्त, म्हणून कपात त्याचीच आधी. डीपीशेजारचा पूर्ण वीज विकतो. तिघांनी मिळून एकच वक्र टाकला तर निदान ओझं थोडं वाटलं जातं.

भावाच्या कारखान्याचं दुखणं वेगळं, खरं तर उलटं. समजा दुपारी २० किलोवॉटचं लोड ०.८५ पॉवर फॅक्टरवर आहे, म्हणजे मोटारी १२.४ किलोव्हार मागताहेत. सोलरने १५ किलोवॉट दिले. ग्रिडकडून आता ५ किलोवॉट येतात, पण व्हार सगळे १२.४ तिकडूनच. मीटरला त्या क्षणी पॉवर फॅक्टर ०.३७ दिसतो. मोटारी होत्या तशाच आहेत, व्हारही तेवढेच, फक्त वॉट कमी झाले. महिन्याची सरासरी एवढी वाईट दिसत नाही, पण दंड लागायला पुरते.

इथे इन्व्हर्टर खरा कामाला येतो. त्याला व्हार शोषायला न लावता द्यायला लावायचे. १५चा इन्व्हर्टर साडेतेरा किलोवॉटवर साडेसहा किलोव्हार देतो, सकाळ-संध्याकाळ जागा मोकळी असते तेव्हा १२ही देईल. ठरावीक पॉवर फॅक्टर टाकण्यापेक्षा मीटरशी जोडून ‘ग्रिडकडचे व्हार शून्य ठेव’ असं सांगता आलं तर उत्तम. रात्रीही व्हार देणारे इन्व्हर्टर असतात, पण त्यासाठी ते रात्रभर थोडी वीज खातात. व्हार दिल्याने व्होल्टेज थोडं चढेल. भावाची डीपी आवारातच असेल तर चिंता नाही.

एका जागी मी स्वतः माती खाल्ली आहे. बर्फाच्या कारखान्यात व्हार द्यायचे होते म्हणून मेनूत ०.९५ लॅगिंग टाकलं. जनरेटरच्या बाजूने बघितलं तर लॅगिंग म्हणजे व्हार देणं. तो मेनू लोडच्या बाजूने लिहिलेला होता. महिनाभर इन्व्हर्टर व्हार शोषत राहिला, दंड दुप्पट झाला, आणि मालक बिल घेऊन माझ्या दारात. तेव्हापासून शब्दावर विश्वास ठेवत नाही: सेटिंग बदलतो आणि टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो. चढलं तर देतोय, उतरलं तर शोषतोय.

पॉवर फॅक्टर बघून कपॅसिटर आपोआप लावणारं-काढणारं एपीएफसी पॅनेल तिथे आधीपासून असेल तर दोन गोष्टी तपासा. त्याचा सीटी, म्हणजे करंट मोजणारी कडी, वीज कंपनीचा मीटर आणि सोलरचा जोड यांच्यामध्ये हवा, सोलरच्या खाली नको. आणि रविवारी कारखाना बंद असताना वीज उलटी वाहते तेव्हा पॅनेलचा साधा रिले गोंधळून कपॅसिटर लावत सुटतो, उलटा प्रवाह ओळखणारा रिले लागतो. कपॅसिटर वाढवण्याआधी हेही मोजा: १०० केव्हीएच्या, साडेचार टक्के अंतर्गत अडथळ्याच्या (इम्पीडन्सच्या) डीपीवर ४५ किलोव्हार लावले तर दोघांचा सूर बरोबर सातव्या हार्मोनिकवर, म्हणजे ग्रिडच्या ५० हर्ट्झच्या सातपटीवर, ३५० हर्ट्झवर लागतो. इन्व्हर्टर आणि मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह थोडाफार सातवा सोडतातच, तो मग कपॅसिटरमध्ये फुगतो. ‘कपॅसिटर सारखे फुटतात’ या तक्रारीत मला अनेकदा हेच सापडलंय. मालिकेत ७ टक्क्यांचा रिॲक्टर टाकला की सूर १८९ हर्ट्झवर येतो, पाचव्याच्याही खाली, आणि त्रास जातो.

पावसाळ्यात कुणी ॲनालायझर लावून ‘तुमच्या इन्व्हर्टरचं हार्मोनिक १५ टक्के’ असं सांगितलं तर घाबरू नका. जुलैत १५ किलोवॉटचा इन्व्हर्टर दुपारी दीड किलोवॉटवर चालत असतो, दोन-सव्वादोन अँपिअरच्या १५ टक्के म्हणजे पाव-तृतीयांश अँपिअर. हार्मोनिकचं मानक, आयईईई ५१९, बघतं ते पूर्ण लोडच्या करंटशी तुलना करून. ते मोजमाप एप्रिलच्या दुपारी करा, आणि तेव्हा व्होल्टेजचंही हार्मोनिक लिहून ठेवा, कारण इन्व्हर्टर बंद असतानाही ते तेवढंच निघालं तर तो कचरा लाइनीवरून येतोय.